खबऱ्या

मिरजेच्या एका गॅरेजात गुरुजींची पेट्रोल गाडी आली, चेक इंजिनचा दिवा मिरवत. अ‍ॅव्हरेज 18 वरून 14 वर आलेलं. आधीच्या गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला होता. दिवा विझला आणि आठवड्यात पुन्हा पेटला.

पोरग्याने स्कॅनर लावला. कोड तोच: मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सरचा आकडा 0.1 व्होल्टला चिकटलेला.

"वस्ताद, नवा सेन्सरपण खोटं बोलतोय. बदलून टाकू."

"आधी प्लग काढ."

प्लग निघाले काजळीने काळेकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त! पोरगं चक्रावलं. "दोघांतला एक खोटा."

"आणि दोघंही खरे असले तर?"

सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. त्याच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर तो व्होल्ट देतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर 0.9 च्या आसपास, उरला असेल तर 0.1. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा, हे गणित कॉम्प्युटर त्या एवढ्याशा आकड्यावर जुळवत असतो. बरं, हा गडी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलतही नाही!

वस्तादांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू केलं, तर टिक्‌टिक्‌ आवाज. इंजिन तापलं तसा तो विरला. बॅटरी मारून पाहिलं: एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीची बोटभर रेघ. पॅकिंग गेलेलं. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून हवा आत ओढली जात होती, तीही सेन्सरच्या अलीकडेच. सेन्सरला ऑक्सिजन दिसायचा, तो तसं कळवायचा आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे पेट्रोल वाढवत बसायचा.

पॅकिंग बदललं. आकडा 0.1 ते 0.9 असा नाचू लागला.

गुरुजींनी डिकीतून जुना सेन्सर काढला. तो वस्तादांनी पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लालबुंद केला, मल्टीमीटर लावला. 0.85. ज्योत बाजूला नेली, आकडा धाडकन खाली. सेन्सर ठणठणीत होता.

"म्हणजे माझे साडेतीन हजार पाण्यात?"

"पाण्यातच, गुरुजी. खबर देणाऱ्याला घालवलंत. पण ती खबर येते कुठल्या वाटेनं, ते कुणी वाकून बघितलंच नाही."

पोरगं गप्प राहून काजळी पुसत होतं. गुरुजींनी बिल मागितलं. पॅकिंगचे 280 रुपये, मजुरी वेगळी.