जबाबदारी तिकिटातून गळते तेव्हा

लहान शहरातून पूर्ण सेवा देणारी विमान कंपनी गेली आणि तिच्या जागी स्वस्त कंपनी आली, की तक्रारीचा सूर जेवणाभोवती आणि पाय पसरायच्या जागेभोवती फिरत राहतो. तासाभराच्या प्रवासात जेवण मिळाले नाही म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही. जुन्या भाड्यात प्रवाशाला मुक्कामी पोचवण्याची जबाबदारीही धरलेली असे. भाड्यातून ती वजा झाली आणि दुसऱ्या कोणी उचलली नाही. माझा आक्षेप या जागी आहे.

स्वस्त विमानाचे ऋण मात्र आधी मान्य करायला हवे. ऑगस्ट 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने सुरुवात केली ती बंगळूर-हुबळी मार्गावर. दिल्ली-मुंबईवर नजर ठेवून बसलेल्या धंद्यात हे धाडस होते. ज्यांच्या घरात कोणी विमानाची पायरी चढले नव्हते अशी लाखो माणसे त्यानंतर उडू लागली. ‘पूर्वीची विमानसेवा किती छान होती’ असे म्हणणाऱ्यांनी तेव्हा त्या विमानात कोण बसत होते तेही आठवावे. पुढे डेक्कन किंगफिशरकडे गेली आणि 2012 मध्ये किंगफिशरच बंद पडली. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण झाले. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि एअर इंडियाने स्वतःचे कित्येक मार्ग एअर इंडिया एक्स्प्रेसच्या हवाली केले. देशांतर्गत पूर्ण सेवा देणारी मोठी कंपनी आता एकच उरली आहे.

याचा अर्थ लहान शहरातल्या माणसाला प्रवासात कळतो. जळगावचा विद्यार्थी मुंबईमार्गे जर्मनीला निघाला आहे असे धरा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यावर त्याला पुढच्या विमानात बसवणे हे कंपनीचे काम असते. तिकिटे दोन कंपन्यांची आणि वेगवेगळी असतील, तर पहिलीच्या उशिराला दुसरी बांधील नसते; पुढचे तिकीट बुडते. स्वस्त कंपन्या आता आपल्याच जाळ्यात जोडविमाने देतात हे खरे, पण त्या जाळ्याबाहेर पाऊल पडले की प्रवासी बहुतेकदा एकटा असतो. मग शहाणी माणसे आदल्या रात्रीच रेल्वेने किंवा बसने मुंबई गाठतात. गावात विमानतळ असून ही वेळ येत असेल, तर तो विमानतळ त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही.

वेळेचेही तसेच. उपचारांसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, सरकारी कामासाठी जाणाऱ्याला सकाळी पोचून रात्री परतायचे असते. पण मुंबई विमानतळावर उतरण्याच्या जागा मोजक्या, आणि सत्तर आसनांचे एटीआर जेवढी जागा अडवते तेवढ्याच जागेत दोनशे प्रवाशांचे एअरबस उतरते. कंपनी कोणाला पसंती देणार हे उघड आहे. लहान गावाच्या वाट्याला उरलेली वेळ येते. त्यात कंपनीची लबाडी नाही, हिशेब आहे. लहान शहराचे हित त्या हिशेबावर सोपवून सरकार मोकळे झाले, हे मला मान्य नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. ‘उडान’ योजनेतले पहिले विमान एप्रिल 2017 मध्ये उडाले. तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजारांची मर्यादा, तूट भरून काढायला अनुदान, आणि मुदत तीन वर्षांची. महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल सांगतो की, योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. जे सुरू झाले त्यांतल्या 112 मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली, आणि मार्च 2023 पर्यंत मुदतीनंतरही टिकून राहिले ते फक्त 54. चिपीचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. सिंधुदुर्गाने या विमानतळाची वर्षानुवर्षे वाट पाहिली, 9 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईचे विमान उतरले, आणि तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर 2024 मध्ये ते थांबले. जळगावने नव्या रूपात परतलेली डेक्कन पाहिली, मग ट्रूजेट, मग फ्लाय91. ज्या शहरात दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलते, तिथे विमानाच्या भरवशावर कारखाना, रुग्णालय किंवा महाविद्यालय कोण उभारील?

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न बाजारावर सोडला नाही. अमेरिकेने 1978 मध्ये विमानभाडी आणि मार्ग खुले केले, तेव्हाच लहान गावांसाठी अत्यावश्यक सेवेची वेगळी तरतूद केली. ती आजही चालू आहे. नॉर्वेत उत्तरेकडच्या छोट्या धावपट्ट्यांवरची सेवा सरकार निविदा काढून विकत घेते आणि फेऱ्या किती, आसने किती, भाड्याची मर्यादा काय हे करारात लिहून घेते. आपण तिकिटाचा दर बांधून घेतला. वेळ आणि पुढची जोडणी बांधून घेतली नाही.

लहान शहरात चांगली सेवा परवडतच नाही, असेही म्हणता येत नाही. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 76 आसनांच्या एम्ब्राएर विमानात 12 आसने बिझनेस वर्गाची ठेवते. इंडिगोने मात्र आपली ऐसपैस आसने नोव्हेंबर 2024 मध्ये आणली ती दिल्ली-मुंबई मार्गावर.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला आहे. तिथल्या उड्डाणांच्या वेळा अजून पुरत्या वाटल्या गेलेल्या नाहीत. मोठ्या कंपन्यांनी त्या व्यापून टाकण्याआधी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतला ठरावीक वाटा नांदेड, जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग अशा शहरांसाठी राखून ठेवावा. अनुदान हवे असलेल्या कंपनीवर दोन अटी घालाव्यात: पुढच्या कोणत्याही कंपनीशी एकाच तिकिटावर जोडणी, आणि निदान पाच वर्षांचा करार. मार्ग मध्येच सोडला तर भरपाईची रक्कम आधीच जमा असावी. राज्य सरकारला ही मागणी आजच करता येईल, कारण या प्रकल्पात सिडकोच्या रूपाने त्याचा स्वतःचा हिस्सा आहे.