उपपत्ती मागण्याचा अधिकार

शास्त्रात लिहिले आहे, एवढ्यावर एखादी गोष्ट खरी मानावी का? प्रश्न धर्माचा वाटतो, पण भास्कराचार्यांनी त्याचे उत्तर गणितात दिले आहे. इ. स. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ते बजावतात, की उपपत्ती, म्हणजे सिद्धता, ठाऊक नसलेल्या गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. बीजगणितात ते भुज (पाया) १५ आणि कोटी (उंची) २० असलेले चार काटकोन त्रिकोण जुळवतात. कर्णाएवढ्या बाजूंचा मोठा चौरस तयार होतो, मधोमध ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे ६०० आणि मधले २५ मिळून ६२५, म्हणून कर्ण २५. इथे आचार्यांवर श्रद्धा ठेवायची गरज नाही. शंका असेल त्याने जमिनीवर आखून पाहावे.

त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. यावर आक्षेप येईल, की मठ म्हणजे गावचा चौक नव्हे; सभा मूठभर संस्कृतज्ञांची, बाकीच्यांनी उपपत्ती मागायची कुठे? आक्षेप रास्त आहे. त्याच शिलालेखात मठाला मिळणाऱ्या देणग्यांचा तपशील मराठीत कोरला आहे. देण्याची भाषा लोकांची, शिकण्याची मात्र पंडितांची! पण यात दोष उपपत्तीचा नाही, दाराचा आहे.

ते दार दुसऱ्या बाजूने उघडले अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. म्हाइंभट मूळचे शास्त्री; परंपरा सांगते, की ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींशी वाद घालायला गेले आणि शिष्य झाले. १२७८ च्या सुमारास, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना विचारून विचारून त्यांनी लीळाचरित्र हे स्वामींचे चरित्र सिद्ध केले, तेही मराठीत. कोणी म्हणेल, मोक्ष म्हणजे त्रिकोण नव्हे, अनुभव आखून दाखवता येत नाही. मान्य. पण साक्ष तपासता येते, आणि म्हाइंभटांनी श्रद्धा असूनही साक्षी गोळा केल्या. अनुभव ज्याचा त्याचा. त्याच्या जोरावर दुसऱ्याने कसे वागावे हे सांगू लागलो, की कारण द्यावेच लागते, आणि तेही ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत.

पाटणला उपपत्ती होती, रिद्धपुरला लोकभाषा. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तिथे लीळाचरित्राशेजारी भास्कराचार्यांची लीलावतीही उपपत्तीसह, मराठीत शिकवली जावी.