पॉइंट कोणाच्या खिशातून?

आपल्या धर्मग्रामातील कॉलेजात जाणारी मुले आता क्रेडिट कार्डाची चौकशी करू लागली आहेत. अठरा पूर्ण, पगार नाही. तरी मुदत ठेवीच्या तारणावर काही बँका कार्ड देतात. ती ठेव बहुधा आईने पै-पै साठवलेली असते, आणि बिल थकले तर बँक हात घालते ती त्याच ठेवीत. मुले मात्र विचारतात, ‘पॉइंट कशावर जास्त?’

हिशेब करून पाहू. शंभरामागे एक रुपया धरला तर 5,000 रुपयांच्या खरेदीवर 50 रुपये सुटतात. बिल थकवले, तर महिना साडेतीन टक्के व्याजाने त्याच रकमेवर 175 रुपये जातात, वर जीएसटी. नव्या खरेदीलाही मग बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

‘आम्ही वेळेवर भरू,’ असे मुले म्हणतील. भरतीलही. मग ते 50 रुपये येतात कुठून? काही दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून, काही ज्यांना पूर्ण बिल भरता आले नाही त्यांच्या व्याजातून. 1745 साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी इटलीच्या बिशपांना परिपत्र लिहून कर्जावर केवळ कर्ज म्हणून नफा घेण्याचा निषेध केला होता. आज ख्रिस्तसभा बँकेचे वाजवी व्याज पाप मानत नाही. पण आपल्या बक्षिसात दुसऱ्याची अडचण मिसळलेली असेल, तर ते निव्वळ बक्षीस कसे म्हणावे?

पॉइंट घेणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण पहिले कार्ड पॉइंट पाहून निवडू नये. वार्षिक शुल्क नसलेले, लहान मर्यादेचे पुरे; आणि अर्जावर सही करण्याआधी आईला विचारावे, ही ठेव तिने कशासाठी ठेवली होती.