पाळणे म्हणजे काय?

सज्जनहो, आपल्या मराठीत 'पाळणे' हा शब्द मोठा विलक्षण आहे. आपण एकादशी पाळतो, दिलेला शब्द पाळतो, आणि गाय, कुत्रा, पोपटही पाळतो. धातू एकच, संस्कृतातला 'पाल्', म्हणजे रक्षण करणे. व्रत पाळणारा स्वतः व्रताने बांधला जातो, हे लहान पोरही सांगेल. पण प्राणी पाळताना मात्र आपण दोर उलटा धरतो. बांधला गेला तो प्राणी, आपण मोकळे, असे समजतो. हा समज खरा की खोटा, याचा विचार करण्याचा प्रसंग मला अमेरिकेत भाच्याच्या घरी आला.

घर माळकऱ्याचे. नित्यपूजा चुकत नाही. आणि दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची पेटी! तीत सुमारे ६८० लिटर पाणी आणि मासा एकच. फूटभर लांब, पाठ करडी, पोटाकडून ज्वाळेसारखा केशरी रंग वर चढलेला. भाचा अभिमानाने म्हणाला, "मामा, हा पिरान्हा. त्यातही पिराया जातीचा. जगात एकाच नदीच्या खोऱ्यात सापडतो. इथल्या काही राज्यांत पिरान्हा पाळायला बंदी आहे, आमच्याकडे नाही. पण पिराया आमच्या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही बरं का!"

ती नदी म्हणजे ब्राझील देशातील साओ फ्रान्सिस्को. लांबी सुमारे २,८०० किलोमीटर. १५०१ साली संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी युरोपचे खलाशी तिच्या मुखाशी पोचले, म्हणून तिला त्या संताचे नाव मिळाले. पशुपक्ष्यांना भाऊबहीण म्हणणारा तो संत! आता गंमत पाहा. त्या नदीकाठच्या कोळ्यांना पिरान्ह्याचे काही अप्रूप नाही. तो जाळ्यात येतो, त्याचे कालवण होते. मग तो दुर्मीळ झाला कोठे? हजारो कोस दूर आल्यावर, काचेत एकटा पडल्यावर. म्हणजे दुर्मीळपणा हा माशाचा गुण नव्हे, अंतराचा आहे. आणि 'दुसऱ्या कोणाकडे नाही' या वाक्यात मासा कोठेच नाही. त्यात आहे तो आपला अहंकार.

या माशाच्या क्रूरपणाची कीर्तीही अशीच दुरून आलेली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ब्राझीलच्या प्रवासावर १९१४ साली पुस्तक लिहिले आणि पिरान्ह्याचा धसका जगभर पसरला. दात वस्तऱ्यासारखे आहेत हे खरे. पण तांबड्या पोटाच्या पिरान्ह्यांचा ॲमेझॉनच्या खोऱ्यात अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की ते थवा करतात तो शिकारीपेक्षा भयाने. मगरी, पाणकावळे आणि नदीतले डॉल्फिन यांच्यापासून जीव वाचवण्यासाठी. मी स्वतः पाहिले, माझे उपरणे पेटीसमोरून फिरले की तो दरारा असलेला मासा कोपऱ्यात दडून बसे.

एके रात्री पाहुणे जमले. भाच्याने बाजारातून आणलेले चार जिवंत सोनमासे पेटीत सोडले. क्षणात पाणी ढवळून निघाले. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मी उठून आत गेलो.

आता पूर्वपक्षी म्हणेल, "महाराज, नदीत तरी तो मासेच खात होता ना? मग पेटीत दोष कसला?" उत्तर ऐका. नदीत पळणाऱ्याला वाट असते, पेटीत ती आपण बुजवलेली असते. नदीत खाणारा भुकेने खातो, इथे चार जीव मेले ते आपल्या टाळ्यांसाठी. माशाला दोष नाही, तो त्याचा स्वभाव. दोष टाळीचा. आणि त्यात माशाचेही हित नाही. सोनमाशांच्या शरीरात एक द्रव्य असते, ते खाणाऱ्याच्या अंगातील 'ब-१' जीवनसत्त्व नासवते. त्यांच्याबरोबर रोगही येतात.

भाचेसून रडकुंडीला आली होती. "मामा, गळ्यात माळ घालून मी मासळी कापायची का? तुम्हीच सांगा." मी पटकन बोलून गेलो, "अगं, जवळच्या तळ्यात सोडून द्या. जीवदान दिल्याचे पुण्य लागेल." भाचा म्हणाला, "मामा, हा उष्ण पाण्यातला मासा. इथे हिवाळ्यात तळे गोठते. चार महिन्यांत मरेल." मी खजील झालो. पुण्य माझे आणि मरण त्याचे!

तळे उबदार असते तर? तर मरण दुसऱ्यांचे. आपल्याच भीमेचे पाहा. उजनीच्या जलाशयात आज चिलापी जाळी भरभरून येते. ती मूळची आफ्रिकेची, माणसाने आणलेली. पूर्वीचे मासे आता दिसत नाहीत, असे जुने कोळी सांगतात. तेच पाणी पुढे चंद्रभागा होऊन आपल्या पायाशी येते. म्हणून मंडळी, परका मासा नदीत सोडणे हे जीवदान नव्हे, आपल्या डोक्यावरचा भार नदीच्या डोक्यावर ठेवणे आहे.

मग निर्णय काय? रात्रभर विचार करून मी सांगितले, "अरे, आणलास ना? मग आता पाळ. एकादशी पाळतोस तसा पाळ. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदल, कारण त्याची घाण त्याच्याच श्वासात जाते. पाणी २४ ते २८ अंश ऊब राख. जिवंत जीव त्यात टाकू नकोस. मेलेल्या मासळीचे तुकडे, कोळंबी दे, आणि ते तू स्वतः काप. तुझ्या हौसेचे सुतक सुनेच्या सुरीला नको. तो दहा वर्षांहून अधिक जगेल, तितकी वर्षे तू बांधलेला. आणि त्याच्यामागे दुसरा आणू नकोस."

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मासळी हातात धरायची माझ्याच्याने होत नाही हो." मी म्हटले, "मग आणताना हे का नाही आठवले?"

मी निघेपर्यंत त्याने गॅरेजात वेगळा पाट आणि वेगळी सुरी ठेवली होती. आठवड्यातून तीनदा तो तिथे तोंड वाकडे करून तुकडे करी, मग आंघोळ करून देवघरात येई. घरात मांस आले, हा दोष मी पुसू शकत नाही आणि पुसणारही नाही. भुकेल्या जिवाला कोंडून उपाशी मारणे त्याहून मोठा दोष, एवढेच माझ्या बुद्धीला कळते. वाचकांपैकी कोणी पोपट, कासव, मासा घरी आणणार असेल, त्याने आणण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हे व्रत मला शेवटपर्यंत पाळवेल काय? असो.