सुई टोचण्याआधी

लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, "काही होत नाही बाळा, दुखणारच नाही." पुढच्या क्षणी सुई टोचली जाते आणि दुखतं. जेवत नाही म्हणून घरी "डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन" असा धाक घातलेला असतो, तो वेगळाच. बालरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, पुष्कळ मुलांची भीती सुईपेक्षा या फसगतीची आणि दाबून धरणाऱ्या हातांची असते.

लहानग्यांचं दुखणं मान्य करायला वैद्यकानेही फार उशीर केला. १९८०च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतही नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. इतक्या कोवळ्या जिवाला वेदना कळत नाहीत, अशी समजूत होती. डॉ. के. जे. एस. आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना १९८७ साली दाखवून दिलं की, शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो, गुंतागुंतही कमी होते. दहा वर्षांनी टोरोंटोच्या संशोधक अ‍ॅना टाडिओ यांना आढळलं, की जन्मल्यावर लगेच सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. बधिर करणारं मलम लावून सुंता झालेल्यांचं कळवळणं त्यामानाने कमी होतं.

आपल्याकडे सहाव्या आठवड्याला बाळाला तीन टोचण्या असतात, दोन्ही मांड्यांत एकेक आणि पोलिओची दंडावर. त्या वेळी आईने बाळाला अंगावर पाजत ठेवलं तर रडणं खरोखर कमी होतं. ठसका लागेल म्हणून काहीजणी घाबरतात, पण तसं झालेलं माझ्या पाहण्यात नाही. जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहू नये, त्याने उगाच जास्त दुखतं. थोड्या मोठ्या मुलाला टेबलावर आडवं पाडू नये, आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसवून टोचावं. जागतिक आरोग्य संघटनेने हे सगळं २०१५ साली लेखी सांगितलेलं आहे. गर्दीत वेळ नसतो ही नर्सताईंची अडचण खरी, पण यातल्या बहुतेक गोष्टींना जादा वेळही लागत नाही आणि पैसाही.

थॅलेसेमियाच्या मुलांची गोष्ट मात्र निराळी. दर काही आठवड्यांनी रक्त चढवण्यासाठी त्यांची शीर शोधावी लागते. त्यांच्यासाठी लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम तासभर आधी लावणं ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

पुढच्या लशीला जाल तेव्हा ताईंना स्पष्ट सांगा, "बाळाला पाजायला घेते, मग टोचा." आणि जाणत्या मुलाने दुखेल का म्हणून विचारलं, तर थोडं दुखेल, मी तुला धरून बसेन, असं खरं तेच सांगा.