अदृष्टाचा हिशेब

गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावरची हवा इतकी विरळ आहे की रेणू एकमेकांना सहसा धडकतच नाहीत. म्हणून सिम्युलेशन लिहिताना मी वाऱ्याचं गणित मांडत नाही, एकेका रेणूच्या मागे जाते. गुरूभोवतीचे वेगवान कण आदळून बर्फ फुटतो. उडालेलं पाणी खाली पडताच गोठतं. ऑक्सिजन उणे 170 अंशांतही गोठत नाही. पडतो, पुन्हा उडतो. हायड्रोजन हलका, तो बहुतेक सुटूनच जातो.

हे ऐकून आप्पा म्हणाले, "म्हणजे हायड्रोजन मुक्त झाला. ज्याचं त्याचं नशीब." आप्पा माळकरी. सुरतच्या लिंबायतमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करत त्यांनी लूमवर उमर काढली. त्यांच्या म्हणण्यामागे मोठी परंपरा आहे. ज्वाला वर का जाते, वारा आडवा का वाहतो, अणू पहिल्यांदा कशाने हलला, या सगळ्याला वैशेषिक सूत्रांत कणादांचं उत्तर एकच : अदृष्ट. पुढे प्रशस्तपादांनी ते जीवांच्या धर्म-अधर्माशी जोडलं. आमच्या गल्लीत आजही कुणाचा हात यंत्रात गेला की पूर्वकर्म निघतं.

मला ते मान्य नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये रेणूची दिशा रँडम आकडा ठरवतो, आणि आकड्यांची सगळी माळ एका सीडमधून, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या आकड्यातून, निघते. तीच सीड दिली की प्रत्येक रेणूचं आयुष्य तंतोतंत तसंच घडतं, प्रारब्धच म्हणा. सीड बदलली की सुटणारे वेगळे, अडकणारे वेगळे. पण किती सुटले, तो आकडा जवळजवळ तोच. तो तापमान, वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षण ठरवतं. कुठल्याच रेणूने पाप-पुण्य केलेलं नसतं.

शिवाय हा आकडा तपासता येतो. 2022 साली जूनो यान युरोपाजवळून गेलं. त्याने मोजलेल्या सुटत्या हायड्रोजनवरून तिथे दर सेकंदाला सुमारे 12 किलो ऑक्सिजन तयार होतो असं निघालं. आधीचे अंदाज काही किलोंपासून हजारापर्यंत पसरले होते. त्यातले बरेच खोटे पडले. अदृष्ट मात्र कधीच खोटं पडत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

माणसांचंही तसंच. आमच्या वर्गातली कोण पुढे शिकली, कोण घरी साड्यांवर टिकल्या चिकटवत राहिली, ते विठ्ठलाने ठरवलं असेल. त्यावर मी भांडत नाही. पण अशा किती जणी, हे मजुरी, पाळी आणि घरभाडं ठरवतं, आणि ते माणसं ठरवतात.

"हे हरिनाम सप्ताहात बोलशील?" आप्पांनी विचारलं.

बोलणार आहे.