दोष कोणाचा?

आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या पायाचा अंगठा काढावा लागला, तेव्हा आम्ही त्यांना भेटावयास गेलो होतो. प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी ते क्रुसाच्या वाटेला अनवाणी चालले. तापलेल्या डांबराने अंगठा भाजला, पण त्यांना ते कळलेच नाही. चार दिवसांनी सुनेला वास आला, तेव्हा जखम उघडकीस आली. त्यांच्या खाटेशी बसून आम्ही सहज बोलून गेलो, “काका, गोडावर थोडा ताबा ठेवला असता तर!” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले.

आमचे बोलणे अगदीच निराधार होते असे नाही. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू झिजवीत राहते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पाय यांना तिची झळ पोहोचते, आणि बधिर झालेला पाय दुखत नाही, हीच त्यातली खरी भीती. रक्तदाब व तंबाखू यांनी धोका आणखी वाढतो. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास ही हानी पुष्कळ टळते, हे ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवून दिले. तेव्हा माणसाच्या हाती काहीच नाही असे म्हणता येत नाही. मग आम्ही चुकलो कोठे?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले. पण आमच्या या किडकिडीत बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी नव्हते. पुढील आयुष्यातील मधुमेहाचे बीज असे आईच्या उदरातच, तिच्या पोषणाच्या आबाळीत पडू शकते. ज्या आईने उरलेसुरले खाऊन मुले वाढविली, तिला दोषी कोण म्हणेल?

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते: पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाच्या नवव्या अध्यायावर आम्ही कितीदा प्रवचन दिले असेल! पण खाटेशी बसताच आम्ही शिष्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहिलो.

कारण शोधणे वेगळे आणि दोष देणे वेगळे. वैद्य कारण शोधतो तो पुढची इजा टाळण्यासाठी. दोष देणारा मात्र मागचा हिशेब मागतो. आणि ज्याच्याकडे हिशेब मागितला जातो तो माणूस लपवू लागतो: चहातली साखर, चुकलेली गोळी, शेवटी जखमसुद्धा. (लग्नघरी ‘एका लाडवाने काय होते’ म्हणून आग्रह करणारेही आम्हीच असतो, ते असो.)

हिशेबच मागायचा तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनवाणी चालणाऱ्यांचे वेदीवरून कौतुक आम्हीच केले होते. आजाऱ्याला उपवासातून सूट आहे. इन्सुलिन घेणारा उपाशी राहिला तर साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. हे त्या दिवशी आम्ही सांगावयास हवे होते. सांगितले नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो आणि हे सारे त्यांच्यापाशी कबूल केले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा पाय आमच्यापुढे केला आणि म्हणाले, “फादर, तळव्याला काही झालंय का, बघा जरा. मला दिसत नाही.”